जुनं आउटबोर्ड काठावर चालतं आणि पाण्यात वीस मिनिटांनी बंद पडतं: घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर दोष कसा शोधायचा

जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा सारख्याच शब्दांत येते. "घेताना एका झटक्यात सुरू झालं होतं. होडीला लावलं की पंधरा-वीस मिनिटं छान चालतं, मग दम टाकतं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद." मग प्लग बदलले जातात, कार्बोरेटर दोनदा साफ होतो, पेट्रोलची नळी नवी येते आणि इंजिन होतं तसंच राहतं. शेवटी वैतागून ते विकलं जातं. पुढचा घेणारा तेच इंजिन एका झटक्यात सुरू होताना बघतो, पैसे देतो आणि महिन्याभरात हीच तक्रार करतो.

माझं पहिलं इंजिन असंच आलं. १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, पाण्याच्या पिंपात उभं केलेलं. मी पोचलो तेव्हा झाकणाखाली हात लावला तर ब्लॉक कोमट होता. ते मला जाणवलं आणि तरीही मी गप्प बसलो, कारण आवाज गोड होता. तीन महिने त्या इंजिनाने मला वल्ही मारायला लावली. एकदा ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असताना ते बंद पडलं, होडीत माझ्याबरोबर माझा मुलगा होता. त्या दिवसापासून इंजिन बघायला जाताना मी घाई करत नाही, आणि इतरांनीही करू नये असं मला मनापासून वाटतं.

पिंपातल्या इंजिनावरून काय कळत नाही

पिंपात इंजिन न्यूट्रलमध्ये, भाराविना, पाच मिनिटं चालतं. नेमक्या याच स्थितीत जुन्या इंजिनाचे बहुतेक दोष दिसत नाहीत. पेट्रोलचा पंप अशक्त असेल तरी हळू चालताना लागतं तेवढं पेट्रोल तो पुरवतो. प्लगला ठिणगी देणारी आणि तापल्यावर मरणारी इग्निशन कॉइल पाच मिनिटांत तापतच नाही. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, क्षाराने अर्ध्या भरलेल्या वाटा भाराविना पुरतात. म्हणून मागणी उलटी करायची: इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून दाखवा, मग पाण्यात, गिअर टाकून, निदान अर्धा तास चालवून दाखवा. ज्याचं इंजिन चांगलं आहे तो सहसा नाही म्हणत नाही.

आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, दोन तासांनी बघा किंवा दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ सहज होते, त्यामुळे उतरलेलं कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरातली हवा दाबतो तो जोर) आणि मंद ठिणगी दोन्ही झाकली जातात. थंड असताना चोक ओढून तीन-चार झटके लागले तर त्यात वाईट काही नाही. दहा झटके लागले, किंवा चोक बंद करताच इंजिन मरू लागलं, तर कार्बोरेटर किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे.

आणि एक पथ्य. "नुसता आवाज ऐका" म्हणून कोणी कोरडं इंजिन सुरू करू लागला तर हात धरा. पाणी खेचणारा इंपेलर रबराचा असतो, त्याला पाण्याचंच वंगण मिळतं. कोरडा फिरला की काही सेकंदांत त्याची पाती खराब होऊ लागतात.

गिअर ऑइल आणि पंख्याची मागची बाजू

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो. खालच्या गिअरकेसला दोन स्क्रू असतात, वरचा हवेचा आणि खालचा ऑइल काढायचा. इंजिन रात्रभर उभं राहिलेलं असावं, म्हणजे आत शिरलेलं पाणी तळाशी बसतं. खालचा स्क्रू थोडा सैल करा आणि पहिले थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. आधी पाणी आलं, किंवा ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर सील गेलेली आहेत. काळपट पण स्वच्छ ऑइल चालतं, ते फक्त जुनं आहे. स्क्रूच्या टोकाला, विशेषतः चुंबक असेल तर, पिठासारखी बारीक करडी पूड नेहमीच असते. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे मिळाले की गिअर किंवा बेअरिंग तुटत आहे. मग किमतीची घासाघीस न करता मी निघतो.

विकणारा "ऑइल वाया जाईल" म्हणाला तर नवी बाटली सोबत न्या आणि तुम्ही भरून द्या. भरताना खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि ऑइल कमी पडतं. दोन्ही स्क्रूंखालचे वायसर नवे घाला. कित्येकदा पाणी शिरतं ते केवळ या फाटक्या वायसरमधून, आणि माणसं अख्खी गिअरकेस उघडतात.

मग पंखा (प्रोपेलर) काढायला सांगा. मासेमारीच्या इंजिनाला हे विशेष लागू आहे. जाळ्याचा धागा किंवा गळाची नायलॉनची दोरी पंख्यात गेली की ती दांड्याभोवती गुंडाळत मागे सरकते आणि सील कापते. बाहेरून काही दिसत नाही. पाणी हळूहळू आत जातं, ऑइल दुधाळ होतं आणि एक दिवस गिअर वाजू लागतो. पंखा काढल्यावर दांड्यावर दोरीचे वितळलेले वेढे दिसले तर सील बदलल्याशिवाय ते इंजिन पाण्यात घालू नका. दांडा वाकलाय का तेही याच वेळी दिसतं: सुरक्षेची दोरी (ओढली की इंजिन बंद करणारी) आणि प्लगच्या वायरी काढून, न्यूट्रलमध्ये दांडा हाताने फिरवा आणि टोक एकाच जागी राहतं का डोलतं ते बघा.

पंखा निघतच नसेल, खाऱ्या पाण्याने जागेवर धरला असेल, तर तीही माहितीच आहे. वर्षातून एकदा पंखा काढून ग्रीस लावणं ही या इंजिनाची सगळ्यात साधी सेवा. ती झाली नाही तर इंपेलर बदलला असेल यावर मी विश्वास ठेवत नाही.

झाकणाखाली आणि ब्रॅकेटवर

खाऱ्या पाण्यातलं इंजिन बाहेरून रंगवलेलं असलं तरी क्षार लपत नाही. रंगाखाली फुगे आणि फुग्याखाली पांढरी पूड म्हणजे अॅल्युमिनियम खाल्लं जातंय. झिंकच्या पट्ट्या बघा. त्या झिजलेल्या असणं चांगलं, इंजिनाऐवजी स्वतः झिजणं हेच त्यांचं काम. त्यांच्यावर रंग मारलेला असेल तर त्या निरुपयोगी झाल्या आणि इंजिनच झिजत राहिलं. खाऱ्या पाण्याला झिंक किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लागतात, गोड्या पाण्याला मॅग्नेशियमच्या.

झाकणाखाली सगळीकडे ताजा रंग, पण बोल्टांच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे, फ्लायव्हीलखाली वाळूचे कण किंवा सुकलेला गाळ, तारांच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर. असं एकत्र दिसलं तर इंजिन कधीतरी पाण्याखाली गेलं होतं असं मी धरतो. बुडालेलं इंजिन लगेच उघडून, धुऊन, ऑइल घालून चालवलं तर वाचतं. आठवडाभर तसंच पडलं तर क्रँकच्या बेअरिंगला गंज चढतो आणि तो गंज भारावर चालवल्यावरच बोलतो.

इंजिन वर उचलून खाली सोडा, दोन्ही बाजूंना वळवा. वळवताना फार जड जात असेल तर ब्रॅकेटचा आतला दांडा धरलाय, आणि तो सोडवणं चांगलंच त्रासाचं काम आहे. अनुक्रमांकाची पट्टी जागेवर हवी. ती खरवडलेली असेल तर इंजिन कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

अर्धा तास भारावर

होडीला लावून, शक्य असेल तर दोन माणसांच्या वजनासह बाहेर न्या. सुरक्षेची दोरी ओढून इंजिन लगेच थांबतं का हे सगळ्यांत आधी बघा. मग दहा मिनिटं मध्यम वेगाने, पाच मिनिटं पूर्ण, पुन्हा मंद. पूर्ण वेगावरून एकदम मंद केलं की बंद पडतं का? मंदावरून एकदम वाढवलं की खोकतं का? गिअर टाकताना एक ठक आवाज ठीक, सलग खरखर नको. पुढे जोर दिला की गिअर सुटून इंजिन मोकळं फिरतं का? तसं झालं तर गिअरचे दात किंवा क्लचडॉग (दांड्याला गिअरशी जोडणारा दातेरी भाग) गोल झालेत. गिअर टिकतो, इंजिनाचे फेरे वाढतात, पण होडी वेग घेत नाही, असं झालं तर पंख्याच्या मधलं रबरी बूश घसरत असावं. पंखा आणि आतल्या बूशवर एक सरळ रंगाची रेघ मारून फेरी मारा. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली की खात्री झाली. हा दोष पंखा बदलून जातो, त्यासाठी चांगलं इंजिन सोडू नका.

मागून पडणारी पाण्याची धार सतत आणि जोरात हवी. पण एक चूक मी पुष्कळांना करताना बघतो: धार चांगली म्हणजे इंजिन थंड, असं धरून चालणं. अनेक इंजिनांत ती धार पंपाकडून आलेल्या पाण्याचा फक्त एक फाटा असते. पंप चालू आहे एवढंच ती सांगते, सिलिंडरभोवतीच्या वाटा मोकळ्या आहेत असं नाही. उलट कधी धार येत नाही, कारण तिच्या नळीच्या तोंडात मातीचा किंवा मिठाचा खडा असतो. बारीक तारेने टोकरलं की सुटते. खरी तपासणी तापमानाची. दुरून तापमान मोजणारं इन्फ्रारेड यंत्र खिशात ठेवा आणि अर्ध्या तासाने प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर मोजा. बऱ्याच इंजिनांचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो, डोक्याचं तापमान त्याहून थोडं वर स्थिरावतं. मला आकड्यापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: आकडा एका जागी थांबतो की चढतच राहतो, आणि दोन सिलिंडरांत मोठा फरक आहे का.

कॉम्प्रेशन

परत आल्यावर इंजिन कोमट असतानाच कॉम्प्रेशन मोजायचं गेज प्लगच्या भोकात लावा. सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी ब्लॉकला टेकवून ठेवा, सुरक्षेची दोरी काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा जोरात ओढा. लहान टू-स्ट्रोकमध्ये ९० ते १३० पीएसआयच्या (दाबाचं एकक) दरम्यान आकडे बहुधा येतात, पण गेजागणिक आणि मॉडेलागणिक फरक पडतो. सिलिंडरांनी एकमेकांशी जुळणं जास्त महत्त्वाचं, फरक १० टक्क्यांच्या आत हवा. दोन्ही १०५ असलेलं इंजिन मी घेईन. एक १२५ आणि दुसरा ९५ असलेलं घेणार नाही, मग ते कितीही गोड चालो. लहान फोर-स्ट्रोकांना सुरू करणं हलकं जावं म्हणून कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा असते, तिथे कमी आकडा आला तर आधी त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा.

काढलेले प्लग फेकू नका, ओळीने ठेवून बघा. बदामी रंग उत्तम. टू-स्ट्रोकचा थोडा काळा, ओलसर प्लग चालतो. एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरात पाणी येतंय, बहुधा हेड गॅस्केटमधून (सिलिंडरच्या डोक्याखालचं सील). प्लगच्या पोर्सेलीनवर चांदीसारखे बारीक ठिपके म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळतंय.

घेऊन झालंय आणि बंद पडतंय

इंजिन कसं मेलं ते आठवा. सुटे भाग विकत आणण्याआधी या एका प्रश्नाचं उत्तर हवं.

रखडत, वर-खाली होत, भुकेल्यासारखं मेलं तर पेट्रोल. मरू लागताच नळीवरचा रबरी फुगा दाबा. दाबत राहिलं की जीव धरतं, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा गेलाय, किंवा फुग्याच्या आधी कुठेतरी हवा ओढली जातेय. जोडाच्या आतलं छोटं रबरी कडं आधी बघा. फुगा चपटा होऊन तसाच राहिला तर टाकीकडून पेट्रोलच येत नाहीये: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे, टाकीतली जाळी तुंबली आहे, किंवा जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं येतंय. हे शेवटचं बाहेरून दिसत नाही, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळ्यांचं ते लवकर होतं. झाकण सैल करून इंजिन सुधारलं तर मिळालं उत्तर. हवेचा स्क्रू बंद राहिल्याने अख्खा कार्बोरेटर खोललेली माणसं मी पाहिली आहेत.

बत्ती गेल्यासारखं एका क्षणात मेलं तर इग्निशन. इथे घाई हवी, कारण थंड झालं की दोष पळतो. माझ्या इंजिनाचं हेच होतं आणि दर वेळी किनाऱ्यावर पोचेपर्यंत ठिणगी परत आलेली असायची. ठिणगी तपासायचं छोटं यंत्र होडीतच ठेवा आणि गरम असतानाच लावून दोरी ओढा. सांडलेलं पेट्रोल आधी पुसा. दोन्ही सिलिंडरांची ठिणगी गेली असेल तर आधी बंद करायच्या स्विचची तार सोडवून बघा. ती कुठेतरी घासून ब्लॉकला टेकत असली तरी हेच होतं. तार सुटी असताना बटणाने इंजिन थांबणार नाही, चोक ओढून थांबवावं लागेल हे लक्षात ठेवा, आणि तपासून झालं की ती परत जोडा. एकाच सिलिंडरची गेली असेल आणि कॉइल वेगवेगळ्या असतील तर त्यांची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर तीच दोषी. माझी तीन महिन्यांची वणवण या अदलाबदलीने दहा मिनिटांत संपली असती.

जड होत, घरघरत मेलं आणि नंतर दोरीही जड लागली तर इंजिन तापलंय. लगेच पुन्हा सुरू करू नका, पिस्टन सिलिंडरला ओरखडतो. थंड होऊ द्या. मग इंपेलर, थर्मोस्टॅट, पाण्याच्या वाटा, या क्रमाने बघा. इंपेलरचं पातं तुटलेलं निघालं तर तुटलेला तुकडा सापडेपर्यंत काम संपलं असं समजू नका. तो वर जाऊन वाटेत अडकतो आणि नव्या इंपेलरनेही इंजिन तापतच राहतं.

इंजिन बरोबर, माप चूक

कधीकधी इंजिनात दोषच नसतो. होडीच्या मागच्या फळीची उंची मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा. आखूड पायाचं इंजिन साधारण १५ इंची फळीसाठी असतं, लांब पायाचं २० इंचीसाठी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. उंच फळीवर आखूड इंजिन लावलं की लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं, पंपातही हवा जाते आणि ते तापतं. मग लोक इंपेलरवर इंपेलर बदलत बसतात.

तसंच पंख्याचं. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने पुस्तिकेतल्या फेऱ्यांपर्यंत पोचायला हवं, अनेक लहान इंजिनांत ते मिनिटाला ५००० ते ६००० च्या दरम्यान असतं. जाळं आणि मासळी भरल्यावर ते ४२०० वरच अडलं तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढं पुढे सरकायला हवा ते अंतर, जास्त आहे. पिच एक इंच कमी केल्याने साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं फेरे मोजणारं यंत्र यासाठी पुरतं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर मी फार वाद घालत नाही. टू-स्ट्रोक हलकं आणि दुरुस्तीला सोपं, फोर-स्ट्रोक कमी पेट्रोल पितं आणि जड असतं, १५ हॉर्सपॉवरला फरक दहा-पंधरा किलोंचा असू शकतो. एकट्याने रोज काढ-घाल करणार असाल तर ते वजन खरं आहे. फोर-स्ट्रोकची ऑइलची काडी मात्र काढून बघाच. पातळी खुणेच्या वर आणि वास पेट्रोलचा असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. सुटे भाग मिळतात का हे इंजिन बघण्याआधी विचारा. इव्हिनरूड या नावाच्या आउटबोर्डांचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, त्यामुळे ते घेताना आधी भागांची सोय बघावी. उलट निस्सानच्या नावाने विकली गेलेली आउटबोर्डं तोहात्सूनेच बनवलेली आहेत, तेव्हा त्यांच्या भागांसाठी तोहात्सूकडे विचारावं.

घरी आणल्यावर

इंपेलर, थर्मोस्टॅट, गिअर ऑइल, प्लग, पेट्रोलची नळी आणि फुगा, झिंकच्या पट्ट्या. हे सगळं पहिल्याच आठवड्यात बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. टू-स्ट्रोकला पाण्यातल्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल वापरा. पेट्रोल आणि ऑइलचं ५० ला १ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर, जुन्या इंजिनाला २५ ला १ लागत असेल तर ४०. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा.

आणि पहिल्या चार-पाच फेऱ्या काठाच्या नजरेतच मारा. वारा आणि ओहोटी दोन्ही बाहेर ओढत असतील त्या दिवशी जाऊ नका. होडीत वल्ही, पुरेशा लांब दोरीचा नांगर, प्लगचा पाना आणि दोन नवे प्लग असू द्या.